नामांतरण

महापालिकेच्या पाच नंबरच्या खिडकीत
बाबू विचारतो, नाम?
मी सांगते, कसीया.
कसीया अहरोन झिराडकर.
तो लिहितो केसिया, खोडतो, लिहितो कशिश,
मग पेन कानावर ठेवून म्हणतो,
"मतलब क्या होता है इसका, मॅडम?"

"तज," मी म्हणते.
"वो तो दाल बाज़ार में मिलती है."
मागची रांग हसते. मीही हसते.
साठ वर्षं हसतेच आहे.
शाळेत मुळ्ये मास्तर हजेरीला केशर म्हणायचे,
तेही मसाल्यातलंच,
म्हणून मी "हजर" म्हणून टाकायची.
मुलींना तर नुसतं नाव पुरायचं:
कशी? या! या, या, बसा!

बाबा नॅरोगेजवर गार्ड.
जौरा, कैलारस, सबलगढ,
गाडी इतकी सावकाश
की उतरून बोरं तोडून पुन्हा चढता यायचं.
त्या सावकाशीत, झेंडीच्या काठीनं ओळ धरून
त्यांनी ईयोबाचं पुस्तक
किती वेळा वाचलं, त्यांनाच ठाऊक.

ईयोब. ज्याचं सगळं गेलं,
बैल, उंट, सात मुलगे, तीन मुली,
एका दिवसात.
जो राखेत बसून खापरीनं अंग खरवडत राहिला.
शेवटी देवानं परत दिलं.
गुरं दुप्पट.
मुलं तेवढीच.
हिशेबात इथे बाबा नेहमी थांबायचे.

नव्या सात मुलग्यांची नावं पुस्तकात नाहीत.
तिघींची आहेत:
यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक.
आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वाटा दिला,
असंही लिहून ठेवलंय.
त्याच वाट्याचे कागद आज माझ्या पिशवीत.
दौलतगंज, दोन खोल्या, एक मोरी.
निम्मं अश्दोदच्या हनोखचं, निम्मं माझं.

मला वाटायचं, कसीयात कस आहे,
सराफ्यात काळ्या दगडावर सोन्याचा लावतात तो.
ईयोबाचा लागला तसा.
बाबा म्हणाले, छान आहे, पण तसं नाही.
हिब्रूत ते सोलण्यावरून येतं.
झाडाची साल खरवडून काढतात,
उन्हात ती आपोआप गुंडाळते,
त्या गुंडाळीचं नाव ते तुझं.
म्हणजे मी सोललेली?
म्हणजे तू वास, ते म्हणाले.
आणि शनिवारी तीन तारे दिसले
की शब्बाथाच्या निरोपाला पितळी डबीतून
लवंगेऐवजी तज काढायचे,
सगळ्यात आधी माझ्या नाकाशी धरायचे.

आईनं ते फार उशिरा सांगितलं,
तेही मेथी निवडताना.
माझ्या आधी एक होती.
नऊ दिवसांची.
पाळण्यात घालायचं राहून गेलं,
म्हणून नाव नाही.
"मग काय म्हणायचात तिला?"
"बाळ. आणखी काय म्हणणार?"
आणि तिनं दुसरी जुडी सोडली.

त्या रात्री मी पुस्तक काढलं. पहिला अध्याय.
ईयोबाच्या पहिल्या तिघी
थोरल्या भावाकडे जेवायला बसलेल्या,
वारा येतो, घराचे चारी कोपरे बसतात.
त्यांची नावं कुठेच नाहीत.
उलटून पालटून पाहिलं.

एकदा दाल बाजारातल्या म्हाताऱ्या केरळी दलालानं सांगितलं,
हे झाड बुंध्याशी छाटतात,
मग त्याच बुडख्यातून सरळ, कोवळे धुमारे फुटतात,
चांगली साल म्हणे त्यांचीच.
मी पाव किलो घेतली आणि निघाले.
पुढचं ऐकायचं नव्हतं.

"मॅडम, वारिस कितने?"
दोन, मी सांगते.
तो रकाना भरतो, शिक्का शोधतो.
"पक्का? दो ही?"
गजांना शेकडो तळहातांचा कळकट वास.
मागून कुणी म्हणतं, माताजी, जल्दी.

लिहा, भाऊ, मी म्हणते,
आणि या खेपेला नाव नीट लिहा.
क साधाच, काना-मात्रा नको.
स ला दुसरी वेलांटी.
आणि शेवटी,
या.